ठकीचा आवाज

९ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. इतक्या वर्षांनी एकदम तीर्थरूप दिसलं की तुला वाटायचं, हिला काहीतरी हवंय. तू बरी आहेस असं दादाकडून कळलं. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण दिवसभर स्टुलावर बसून काम असतं, त्यामुळे त्याचं कोणी ऐकत नाही.

पत्र बघून नवल वाटेल. हल्ली पत्रं फक्त बँक आणि कोर्ट पाठवतं. पण मी फोन करते आणि माझं 'हॅलो' ऐकलं की तू ठेवून देतेस. दादा म्हणाला, "तिचा आता तुझ्या आवाजावर विश्वास राहिलेला नाही." अक्षरावर असेल असं धरून चालते. हे अक्षर तूच गिरवून घेतलंयस. 'ळ'चं पोट फुगवते म्हणून किती फूटपट्ट्या खाल्ल्या. तो 'ळ' अजून तसाच आहे, बघून घे.

इकडचं सांगायचं तर मी चष्म्याच्या दुकानात आहे. पुढे मालक लोकांचे डोळे तपासतात, मागच्या खोलीत मी काचा फ्रेमच्या मापात घासते, बसवते, सैल झालेल्या दांड्या आवळून देते. राहायला एक वरची खोली आहे, खाली सायकल दुरुस्तीवाला. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, म्हणजे भाडं वेळेवर दिलं की चांगल्या असतात. ज्याच्याशी तुम्ही माझं लग्न लावून दिलंत त्या माणसाचं काय झालं, कुठे असतो, मला ठाऊक नाही. तूही विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी दादाचा फोन आला. कशी आहेस नाही, काय नाही, थेट म्हणाला, "सुटलीस का?"

"कुठून?"

"चौकीतून. आईने पाठवलेले पैसे पोचले ना वकिलाला?"

"दादा, मी दुकानात आहे. काचा घासतेय. कसली चौकी?"

तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "खरं सांग. तो फोन तूच केला होतास ना?"

सख्ख्या भावाने विचारलं हे. एवढ्या वर्षांनी केलेला फोन आणि पहिला प्रश्न सुटलीस का, दुसरा प्रश्न चोर तू ना. मग त्याच्याकडूनच तुकड्या-तुकड्याने कळलं. की माझ्या आवाजात तुला फोन गेला. की मी कोणाला तरी गाडीने उडवलंय, मला चौकीत बसवून ठेवलंय, मी रडतेय. मला गाडी कुठे चालवता येते, आई? पण मागून वकील म्हणवणारा एक जण बोलला, आणि तू तशीच उठून बँकेत गेलीस आणि ठेव मोडलीस.

हे कसं घडलं ते मला आता ठाऊक आहे. तुलाही ठाऊक असावं म्हणून लिहिते.

काच चाकावर चढवली की ती फिरून होईपर्यंत माझे हात रिकामे असतात. त्या वेळात मी फोनवर सर्वे भरायचे. बाजारात माल आणण्याआधी कंपन्या लोकांना विचारतात ना, तसले. साबणाचा वास कसा वाटतो, वेष्टन निळं असावं का हिरवं. बदल्यात भेटकुपनं मिळतात. तू म्हणशील, फुकटाचा हव्यास, दुसरं काय. कुपनाचं खोटं नाही, त्यावर मी एक चादर घेतली. पण आतली गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक सर्वेच्या वर लिहिलेलं असायचं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' जन्मात मला कोणी मत विचारलं नव्हतं. शाळेतून काढताना नाही, लग्न ठरवताना तर नाहीच. आणि इथे बिस्किटाचा पुडा फाडायला सोपा आहे का अवघड, एवढ्यासाठी एक अख्खी कंपनी माझ्यापाशी खोळंबलेली. बाकीचे लोक धडाधड बटणं दाबून मोकळे होतात म्हणे. मी विचार करून दाबायचे.

मग एक मोठा सर्वे आला, 'कुटुंब आणि संवाद' नावाचा. घरात वडीलधारं कोण. त्या एकट्या राहतात का. बँकेची कामं स्वतः करतात का. त्या तुम्हाला लाडाने काय म्हणतात. अडचणीत सापडलात तर सगळ्यांत आधी कोणाला फोन कराल, आणि त्यांचा नंबर. खाली बारीक अक्षरात, माहिती गुप्त ठेवली जाईल. मी सगळं भरलं. लाडाचं नाव, ठकी. नंबर, तुझा. तुला फोन करून जमाना झाला होता, पण त्या चौकोनात दुसरा कुठला नंबर घालायचं सुचलंच नाही. आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे साबण विकणाऱ्याचे प्रश्न नव्हेत. पण वर हिरव्या कुलपाचं चित्र होतं. कुलूप दिसल्यावर माणूस निर्धास्त होतो. कुलूप कोणी लावलंय हे कोण बघतो?

त्यानंतर त्यांनीच आवाजाचं काम दिलं. गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणाऱ्या मशिनीला बाईचा आवाज हवाय, लोकांना कुठला आवाज विश्वासाचा वाटतो याचा अभ्यास चाललाय, असं सांगितलं. एका मुलीने व्हिडिओवर माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू' वगैरे. बाकी विशेष काही नाही.

एवढंच झालं. त्या वाक्यांतून त्यांनी माझा आवाज काढून घेतला आणि तुला लावला. मी पोलिसांत जाणार आहे. दादाला काय वाटायचं ते वाटू दे, पण तुला तरी वाटू नये की मी तसं करीन. मी तुझ्याकडे काही मागायला एकदाच आले होते, आणि ते पैसे नव्हते.

फोन उचल म्हणत नाही. चार ओळी लिही.

ठकवली गेलेली,
ठकी

२४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. उत्तर आलं नाही. पोस्टमन सायकलवाल्याकडे सगळ्यांची पत्रं टाकून जातो. दुकानातून आले की त्याला विचारायचे, आता तोच लांबून मान हलवतो.

पोलिसांत जाऊन आले. तक्रार लिहून घेणारे साहेब वयस्कर, शांत, वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, आवाज द्यायला संमती दिली होतीत का?"

"एका चौकोनात टिक केली होती."

"म्हणजे दिली होती."

"अभ्यासासाठी दिली होती."

"मग केला की त्यांनी अभ्यास," ते म्हणाले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग त्यांनी समजावलं. फोनवर बोलणारा माणूस दुसराच असतो. बाई असेल, बाप्याही असेल. तो बोलतो आपल्या तोंडाने, पण बाहेर पडताना आवाज माझा होतो. अशी माहिती गोळा करणारे एक, विकणारे दुसरे, फोन करणारे तिसरे, आणि तिघं एकमेकांना ओळखतही नाहीत. मला त्यांनी फिरवून-फिरवून विचारलं की तुमचं घरी पटत नाही, हो ना, आणि तुम्हाला पैशाची तंगी आहे, हो ना. मी दोन्हीला हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

सर्वेवाल्यांच्या मदत-केंद्रालाही लिहिलं होतं, आमच्या घरात असा दरोडा पडलाय म्हणून. उत्तर आलं नाही. सर्वे आला. 'आमच्या तक्रार-निवारणाबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच तारे द्या.' मी हसले, मग मालक बघायला आत आले तरी हसतच होते. त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

काल दादा येऊन गेला. माझी खोली त्याने पहिल्यांदाच पाहिली. खाटेच्या कडेवर बसला, जसा दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटपाशी बसावा तसा. चहा प्यायला. चोर तू ना, असं विचारल्याबद्दल काही बोलला नाही, पण येताना माझ्यासाठी छत्री घेऊन आला होता. त्याचं माफी मागणं असंच असतं, वस्तू आणून ठेवायच्या.

म्हणाला, "आईचं काही खरं नाही आता. डोकं ठिकाणावर नाही."

"का? काय झालं?"

"त्या लोकांचा परत फोन आला. तुझ्याच आवाजात. मी तिला सगळं सांगून झालं होतं गं, ती ठकी नव्हती, चोर आहेत, म्हणून. हो हो म्हणाली होती. आणि परत फोन आला तर बोलत बसली. मी आतल्या खोलीत बल्ब बदलत होतो. मला वाटलं शेजारच्या बाईंशी बोलतेय."

"काय बोलत होती?"

"काहीबाही."

"दादा."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणत होती, तुला तेव्हा परत पाठवायला नको होतं. चुकलं माझं. तुझी बॅग मी आत घ्यायला हवी होती. हे कानावर पडलं तसा मी धावत जाऊन फोन हिसकावला, तोवर त्यांनी कापला होता." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बॅग मीच उचलली होती ना तेव्हा."

तो गेला तेव्हापासून मी ही एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघतेय. दुकानात आज एक काच तिरकी घासली.

तुला ती संध्याकाळ आठवते म्हणजे. मला वाटत होतं, ती एकट्या माझ्याकडेच राहिली आहे. मी दारात उभी होते. माझा ओठ फुटला होता. तू नर्स, तू आधी मला दिव्याखाली बसवलंस, कापसाने ओठ पुसलास, औषध लावलंस. हात इतका हलका होता तुझा की मला वाटलं, आता सगळं झालं, आता आपण इथेच. मग बाटलीचं बूच लावता-लावता तू म्हणालीस, "दोन दिवस राहायला आली असशील तर राहा. कायमचीच आली असशील तर आत्ताच जा, उजेड आहे तोवर." दादाने बॅग उचलली. मी त्या माणसाकडे परत गेले ती तुझ्या हातचं औषध ओठाला लावून. पुढे तिथून निघाले तेव्हा कोणाच्याच दारात गेले नाही.

आता ऐक. पहिल्या पत्रात 'बाकी विशेष काही नाही' असं लिहिलं, ते खोटं होतं.

त्या मुलीने मशिनीची वाक्यं झाल्यावर भावना घेतल्या. आनंदाने बोला, रागाने बोला. ते जमलं. मग भीती. कागदावरचं वाक्य होतं, 'कृपया मला मदत करा.' मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, वाचल्यासारखं वाटतंय. डोळे मिटा बघू. तुम्ही खरंच अडकला आहात. ज्यांना हाक माराल ना, त्यांनाच मारा. कागद सोडून द्या."

मी डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, मला घेऊन जा गं इथून. मला इथे नाही राहायचं." आणखीही बोलले. त्या वेळी दारात जे बोलायला तू सवड दिली नव्हतीस ते सगळं बोलले. डोळे उघडले तर ती मुलगी पडद्यावर मान डोलावत होती. "मस्त, ताई. एकदम नैसर्गिक. फक्त मागे हातोड्याचा आवाज आलाय. आणखी एकदा घेऊ या का?"

मी आणखी एकदा घेतलं, आई. खाली जाऊन सायकलवाल्याला जरा थांबायला सांगितलं, वर आले, आणि पुन्हा तुला हाक मारली.

म्हणजे तुझ्या कानात जो रडण्याचा आवाज आला, तो चोराने शिवला खरा, पण कापड माझं होतं. ती हाक मी तुलाच मारली होती. आणि तू त्याला जे म्हणालीस ते मला म्हणालीस. मधे चोर बसलाय आणि दोघींचं सगळं त्याच्या घरात गेलंय. पैशाचं मला दुःख नाही असं म्हटलं तर तुला राग येईल, तू वॉर्डात उभं राहून मिळवलेले पैसे ते. पण त्या वाक्याचं दुःख जास्त आहे. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते पडलं कुणा भलत्याच्या कानात. त्याला त्याचं काय? तो मनात म्हणाला असेल, म्हातारी किती वेळ खाते.

ते वाक्य माझं आहे. मला ते हवंय. लांबलचक नको, जेवढं त्याला दिलंस तेवढंच लिहून पाठव.

वाट बघणारी,
ठकी

११ मार्च

ठके,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. 'ळ' अजून तसाच आहे.

उशीर झाला कारण हात कापतो आणि दादाकडून लिहून घ्यायचं नव्हतं. तो सगळीकडे सांगत सुटलाय की माझं डोकं फिरलं. ते फिरलेलं नाही. दादाला वाटलं तू चोर, मला एक क्षणही तसं वाटलं नाही. तुला पैसे हवे असते तरी तू मागितले नसतेस, एवढं मी तुला ओळखते.

पहिल्या फोनला मी फसले. बँकेतल्या मुलाने विचारलं, "एवढी ठेव मोडताय आजी, कोणासाठी?" मी म्हटलं, मुलीसाठी. मागे रांगेत माणसं उभी होती. तू सासर सोडलंस तेव्हापासून मी हा शब्द चारचौघांत काढलेला नव्हता. पैसे गेले ते वाईटच झालं. पण त्या दिवशी बँकेतून चालत घरी आले, रिक्षा केली नाही, आणि वाटेत मला हलकं वाटत होतं. हे दादाला सांगू नकोस.

दुसऱ्या फोनला मी फसले नाही. नीट वाच. फसले नाही. तो आवाज म्हणाला, "आई, तू माझी काळजी करू नकोस." तू मला असं कधी म्हटलेलं नाहीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, आज कशी काय आठवण झाली. मला तिथेच कळलं की हा तो मेला चोर. ठेवणार होते. ठेववला नाही. आवाज तुझा होता. मी बोलत गेले आणि तो ऐकत गेला. मधे तोंड घातलं नाही. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला तोंड घातलं असतंस, आणि मग माझंही सुटलं असतं.

तू म्हणतेस ते वाक्य लिहून पाठव. लिहायला बसले होते. तुझं नाव कागदावर आलं की पुढे हात जुनंच लिहितो. कोणाला न विचारता निघून गेलीस, लोकांत मान खाली घालायला लावलीस, एकदा पत्ता कळवावा एवढंही तुला वाटलं नाही. असे कितीतरी कागद फाडले. मी हे मुद्दाम करत नाही. चोराला मी ते म्हणू शकले, कारण ती तू नव्हतीस. तुला कडू लागेल. मलाही लागतं. पण गोड खोटं लिहून पाठवायला मी काही सर्वेवाली नाही.

ओठाला व्रण राहिला असेल. त्याला टाका घालायला हवा होता. मला तेव्हा दिसत होतं की टाका लागणार. टाका घातला असता तर तुला ठेवून घ्यावं लागलं असतं, म्हणून नुसतं औषध लावलं. इतकं लिहिता आलं, यापुढचं येत नाही.

आणि तुझा फोन मी ठेवते तो आवाज ओळखू येत नाही म्हणून नव्हे. पहिल्या 'हॅलो'ला ओळखते. खरी तूच आहेस हे कळतं, म्हणून ठेवते.

दादा काल नंबर बदलायचे कागद घेऊन आला होता. मी सही केली नाही. तो म्हणाला, "अगं, तुला भोळी धरलीय त्यांनी. परत करतील फोन." मी म्हटलं, करू देत. द्यायला आता काही उरलेलं नाही माझ्याकडे, आणि आला तर मी उचलणार आहे. तू याचा राग धरशील. धर. तो तुझा हक्कच आहे.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस, परत भलत्याच्या कानात पडायचं. मनातल्या मनात वाच.

तुझी
आई